वीजबिलापासून हवामान करारापर्यंत : ऊर्जाधोरणाच्या अभ्यासाकडे वळणाऱ्यांसाठी

राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेऊन नुकतीच पदवी मिळवलेली मुले-मुली अलीकडे मला हमखास एक प्रश्न विचारतात : ऊर्जाधोरण आणि हवामान बदलाचे राजकारण या क्षेत्रात काम करायचे आहे, तर सुरुवात कुठून करावी? मी त्यांना पुढच्या भेटीला घरचे वीजबिल घेऊन यायला सांगते. काही जण थोडे हिरमुसतात, कारण त्यांच्या डोक्यात पॅरिस, ग्लासगो, दुबई अशी हवामान परिषदांची शहरे असतात. बारा वर्षे या विषयात घालवल्यावरही माझे मत बदललेले नाही. हवामानाचे राजकारण म्हणजे शेवटी खर्च कोणाच्या माथी पडणार आणि जमीन कोणाची जाणार याची वाटाघाट आहे आणि ही वाटाघाट जिथे आकड्यांत उतरते ती कागदपत्रे वाचता आल्याशिवाय परिषदांमधली भाषणे नीट कळत नाहीत.

गोव्यातल्या घरगुती बिलावर स्थिर आकार असतो, वापराच्या टप्प्यांनुसार वाढत जाणारा आकार असतो, वीज शुल्क असते आणि एफपीपीसीए नावाची एक ओळ असते. ही अक्षरे बहुतेक घरांत कोणी वाचत नाही. इंधन आणि वीजखरेदी यांच्या खर्चात पडलेला फरक ग्राहकांकडून वसूल करण्याची ती तरतूद आहे. दर ठरवताना वीज अमुक भावाने मिळेल असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात कोळसा महागला किंवा ऐन उन्हाळ्यात वीजबाजारातून चढ्या भावाने खरेदी करावी लागली, तर तो फरक या ओळीतून आपल्यापर्यंत येतो. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे आंतरराष्ट्रीय बाजारात कोळशाचे भाव भडकले असतानाच देशी कोळशाची टंचाई भासली आणि केंद्राने औष्णिक प्रकल्पांना आयात कोळसा मिसळायला सांगितले. त्या निर्णयाची किंमत कोणी दिली, याचे उत्तर शोधताना मी प्रथम ही ओळ समजून घेतली. म्हणून तुमचा पहिला महिना बिल आणि त्यामागचा दर-आदेश, म्हणजे वीजदर ठरवणारा नियामक आयोगाचा आदेश, वाचण्यात जाऊ द्या.

माझे बाबा वीज खात्यात लाईनमन होते. आम्ही डिचोली तालुक्यातले. पावसाळ्याच्या रात्री वीज गेली की लोकांच्या फोनआधीच बाबांची रेनकोट शोधण्याची गडबड सुरू व्हायची. एकदा जुलैत आंब्याची मोठी फांदी ११ केव्हीच्या तारेवर पडून आख्खा फीडर, म्हणजे अनेक वाड्यांना वीज पुरवणारी वाहिनी, बंद पडला होता. बाबा पहाटे चारला परत आले तेव्हा त्यांच्या हातमोज्यांतून पाणी ठिबकत होते आणि चुलीपाशी बसून ते आईला कोणत्या वाड्यावर वीज आली, कोणत्या वाड्यावर सकाळपर्यंत येणार नाही, हे क्रमाने सांगत होते. त्यांना सगळे जाळे तोंडपाठ होते. पुढे मी एम.ए.च्या प्रबंधासाठी गोव्याला किती सौरऊर्जा लागेल याचे आकडे मांडत बसले होते, तेव्हा ते म्हणाले, "बाय, तारेत किती मावतं ते आधी बघ. किती हवं ते मग लिही." वीजनिर्मितीच्या चर्चेत वहनाचा प्रश्न मागे पडतो, हे मला त्या वाक्याने समजले. आज राजस्थान आणि गुजरातमध्ये सौरप्रकल्प वेगाने उभे राहत असताना वाहिन्या वेळेवर तयार नसल्यामुळे वीज बाहेर काढण्यात अडचणी येतात, तेव्हा मला हेच वाक्य आठवते.

त्याच प्रबंधात माझ्या हातून एक चूक झाली होती. ती या क्षेत्रात येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी करतो. मी स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांची गल्लत केली. एक मेगावॅटचे यंत्र वर्षभर अखंड पूर्ण क्षमतेने चालले, तर ८७.६ लाख युनिट वीज तयार होईल. औष्णिक संच सरासरी ७० टक्के क्षमतेने चालला, तर सुमारे ६१ लाख युनिट मिळतात, आणि सौरप्रकल्पाचा क्षमता-वापर २० टक्के धरला, तर साडेसतरा लाख. म्हणजे कागदावर दोन्हीकडे एक मेगावॅटच असला, तरी मिळणारी वीज तिपटीहून अधिक फरकाची असते. जून २०२५ च्या अखेरीस भारताची एकूण स्थापित क्षमता सुमारे ४८५ गिगावॅट होती आणि तिच्यातला निम्मा भाग अजीवाश्म, म्हणजे कोळसा, तेल, वायू सोडून इतर स्रोतांचा झाला होता. पॅरिस कराराखाली २०३० साठी दिलेले हे वचन पाच वर्षे आधी पूर्ण झाले, ही बातमी खरी आहे आणि तिचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही दोन तृतीयांशांहून जास्त आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. कोणता पक्ष, कोणता मंत्री किंवा कोणती संस्था यांतले कोणते विधान पुढे करते हे पाहिले, की राजकारण कुठे चालले आहे ते दिसू लागते. माझ्या मार्गदर्शकांनी प्रबंधाच्या मसुद्यातले ते पान लाल शाईने भरून परत दिले, त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

यानंतर कायद्याची चौकट. ती लवकर सांगते, कारण ती पाठ्यपुस्तकांत सापडते. वीज हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. सध्याची सगळी रचना २००३ च्या वीज कायद्यावर उभी आहे. त्याआधीचा २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा, त्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती आणि त्या दुरुस्तीच्या आधाराने २०२३ मध्ये अधिसूचित झालेली कार्बन क्रेडिट व्यापार योजना, हा दुसरा धागा. जून २००८ मध्ये जाहीर झालेली हवामान बदलावरची राष्ट्रीय कृती योजना आणि तिच्यातली आठ अभियाने, हा तिसरा. हे तीन धागे हाती असले, की बाकीचे नियम आणि अधिसूचना त्यांच्याभोवती बसवता येतात.

गोव्याची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. इथे वीजपुरवठा महामंडळ किंवा कंपनी करत नाही, सरकारचे वीज खाते करते. राज्यात म्हणण्यासारखी वीजनिर्मिती नाही. वीज येते ती कोरबा, विंध्याचल, रामगुंडम यांसारख्या दूरच्या केंद्रीय औष्णिक प्रकल्पांतून, तारापूर आणि काकरापारच्या अणुप्रकल्पांतून आणि काही प्रमाणात बाजारातून. दर ठरवतो तो गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त वीज नियामक आयोग. त्याचे कार्यालय गुरुग्रामला आहे, पण दरप्रस्तावावरची जनसुनावणी गोव्यात होते. वीज खाते वर्षभराचा खर्च मांडून याचिका दाखल करते, वृत्तपत्रांत जाहीर सूचना येते, लोक लेखी हरकती देतात आणि सुनावणीत कोणालाही उभे राहून बोलता येते. मी मराठीत बोलले आणि माझे म्हणणे ऐकून घेतले गेले, हे इंग्रजीच्या धाकाने मागे राहणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते.

माझी पहिली हरकत फुकट गेली आणि त्यात दोष पूर्णपणे माझा होता. मी कोळशामुळे होणाऱ्या जागतिक तापमानवाढीवर चार पाने लिहिली होती. आयोगाच्या अधिकारात काय येते, याचा विचारच केला नव्हता. आयोग खर्च तपासतो, तो वाजवी आहे की नाही ते ठरवतो आणि अक्षय ऊर्जा खरेदीचे बंधन पाळले जाते का, हे पाहतो. हे बंधन फार महत्त्वाचे आहे : एकूण विजेपैकी ठराविक टक्के वीज अक्षय स्रोतांतून घेतलीच पाहिजे, असा नियम आहे, आणि केंद्राच्या वेळापत्रकानुसार २०२९-३० पर्यंत हे प्रमाण ४३.३३ टक्क्यांवर न्यायचे आहे. दुसऱ्या वर्षी मी एकच पान लिहिले. या बंधनाच्या पूर्ततेसाठी किती प्रत्यक्ष वीज घेतली आणि किती अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रे (प्रत्यक्ष विजेऐवजी बंधनाच्या पूर्ततेत धरली जाणारी) विकत घेतली, त्यांचा प्रति युनिट खर्च किती पडला, एवढेच विचारले. त्याला आकड्यांत उत्तर मिळाले. पृथ्वीची चिंता प्रामाणिक असेल, तर तिचे रूपांतर समोरच्या माणसाला उत्तर देणे भाग पडेल अशा प्रश्नात करता आले पाहिजे, आणि हे कौशल्य वर्गात शिकवले जात नाही.

आता मोलेविषयी. गोव्यात राहून या विषयाचा अभ्यास करणाऱ्याला मोले टाळून पुढे जाता येणार नाही. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरचा जंगलपट्टा. २०१९-२० मध्ये तिथून तीन प्रकल्प पुढे सरकले : रेल्वेचे दुपदरीकरण, महामार्गाचे रुंदीकरण आणि ४०० केव्हीची वीजवाहिनी, जिला सगळे तमनार प्रकल्प म्हणतात. तमनार हे छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यातले, कोळशाच्या पट्ट्यातले गाव. वाहिनी कर्नाटकातून येऊन धारबांदोड्यातल्या सांगोडमार्गे शेल्ड्याला जाणार होती. महामारीच्या काळात विद्यार्थी, वास्तुरचनाकार, शास्त्रज्ञ, कलावंत आणि ग्रामस्थ यांनी मिळून याविरुद्ध मोहीम उभारली. नोव्हेंबर २०२० च्या सुरुवातीला चांदर येथे लोक रात्री रुळांवर बसले, तो प्रसंग गोव्यात कोणी विसरलेले नाही. वनविषयक प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य करणाऱ्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणासाठी दिलेली वन्यजीवविषयक मंजुरी रद्द केली. वाहिनीसाठी समितीने नवे जंगल न तोडता आधीच असलेल्या २२० केव्ही वाहिनीच्या पट्ट्यातूनच मार्ग काढावा, अशी शिफारस केली होती.

मी मोलेच्या बाजूने उभी होते आणि आजही आहे. तरीही नव्याने येणाऱ्यांना सांगते की वाहिनीला विरोध आणि कोळशाला विरोध या दोन गोष्टी एकच समजू नका. तारेतून वाहणाऱ्या विजेला रंग नसतो. दक्षिण गोव्याला ग्रिडची दुसरी भक्कम जोडणी हवी, हे बाबांसारखी माणसे वर्षानुवर्षे सांगत आली, आणि उद्या गुजरात किंवा कर्नाटकातली सौरवीज गोव्यात आणायची झाली, तर तीही याच प्रकारच्या वाहिनीतून येईल. समितीच्या अहवालाचे मोल मला यातच वाटते : गरज मान्य करून मार्ग बदला, असे तो म्हणतो. मूळ अहवाल, न्यायालयाचा आदेश आणि प्रकल्पाचे पर्यावरणविषयक दस्तऐवज एकापुढे एक ठेवून वाचा. दोन-तीन आठवडे लागतील. घोषणांच्या दोन्ही बाजूंना जे दिसत नाही ते त्यांत दिसेल.

दुसरा धडा मला खाणींनी दिला. तेव्हा मी त्याला ऊर्जेचा विषय मानत नव्हते. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, २०१४ मध्ये मर्यादा घालून परवानगी दिली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द ठरवले. खाणींमुळे शेते लाल गाळाने भरली होती, विहिरी आटल्या होत्या, बेकायदा उत्खनन झाले होते, यात शंका नाही. पण आमच्या वाड्यावर अंगणाअंगणांत उभे राहिलेले ट्रक मी पाहिले आहेत. मे महिन्यात झावळांनी झाकलेले, चाकांखाली दगड लावलेले, टायरांतली हवा हळूहळू उतरत गेलेले. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नव्हते. एका शेजारकाकांनी तो ट्रक विकला तेव्हा काकू दार लावून आत बसली होती. खाण बंद होण्याचा फायदा सगळ्यांना मिळाला, तोटा मात्र त्या अंगणांत साचला.

पुढे न्याय्य संक्रमण, म्हणजे कोळसा सोडताना त्यावर जगणाऱ्यांना वाऱ्यावर न सोडणे, ही संज्ञा माझ्या वाचनात आली तेव्हा मला ती परकी वाटली नाही. कोरबा, सिंगरौली, धनबाद, चंद्रपूर येथे उद्या कोळशाच्या खाणी बंद व्हायच्या असतील, तर कोल इंडियाच्या दोन लाखांहून अधिक कायम कामगारांपलीकडे कंत्राटी मजूर, ट्रकवाले, खानावळवाले, सायकलवरून कोळसा वाहून विकणारे अशी फार मोठी वस्ती कोळशावर उभी आहे. राज्यांना कोळशाचे स्वामित्वधन मिळते. रेल्वेच्या मालवाहतुकीतला जवळपास निम्मा भाग कोळशाचा आहे आणि मालवाहतुकीच्या उत्पन्नातून प्रवासी भाडे स्वस्त ठेवले जाते. म्हणजे आपल्या स्वस्त रेल्वे तिकिटातसुद्धा कोळसा आहे. कोळसा सोडणे भारतात एवढे कठीण का, हे या साखळीशिवाय समजत नाही. जर्मनीने २०३८ पर्यंत कोळसा सोडण्याचे ठरवताना खाणपट्ट्यांसाठी स्वतंत्र निधी आणि कायदा केला. ब्रिटनमधला शेवटचा कोळसा-वीजप्रकल्प ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाला, पण तिथल्या खाणकामगारांची गावे १९८० च्या दशकातच उद्ध्वस्त झाली होती. तुलनात्मक अभ्यास करायचा असेल, तर ही दोन उदाहरणे शेजारी ठेवा आणि तिसरे डिचोलीचे ठेवा.

करप्रणाली हा या राजकारणाचा आणखी एक कोपरा आहे. तिकडे नवखे फिरकत नाहीत. २०१० मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आल्यावर त्याची जागा भरपाई उपकराने घेतली आणि स्वच्छ ऊर्जेसाठी जमवलेला पैसा राज्यांच्या महसुली भरपाईकडे वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये हा उपकर काढून कोळशावरचा कर ५ वरून १८ टक्के करण्यात आला. कर वाढला, अशी बातमी वाचून थांबू नका, गणित करा. टनाला १,००० रुपये भावाच्या कोळशावर पूर्वी ५० अधिक ४०० असे ४५० रुपये पडत, आता १८० पडतात. भाव सुमारे ३,०७७ रुपयांच्या वर गेला, तरच नवा कर जुन्यापेक्षा जड होतो. म्हणजे स्वस्त देशी कोळसा आणखी स्वस्त झाला आणि महाग आयात कोळसा आणखी महागला. एका टक्केवारीत औद्योगिक धोरण, आयातधोरण आणि हवामानधोरण तिन्ही सामावलेली आहेत. असे एक गणित स्वतःच्या हाताने केले, की दहा लेख वाचल्याएवढे कळते.

एवढी तयारी झाल्यावर आंतरराष्ट्रीय करारांकडे वळा. १९९२ चा संयुक्त राष्ट्रांचा हवामान बदल आराखडा करार, १९९७ चा क्योटो करार, २०१५ चा पॅरिस करार, हा क्रम सर्वांना माहीत असतो. खरा अभ्यास क्रियापदांचा आहे. ग्लासगोत २०२१ मध्ये कोळसा टप्प्याटप्प्याने बंद करण्याची भाषा शेवटच्या तासांत टप्प्याटप्प्याने कमी करण्यावर आली आणि तो बदल भारताने मांडला. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी भारताला दोषी ठरवले. पण वाक्यात फक्त कोळशाचे नाव होते, तेल आणि वायूचे नव्हते, हे लक्षात घेतले तर भारताचा आक्षेप समजतो, कारण श्रीमंत देशांचे तेल-वायूवरचे अवलंबन त्या वाक्याबाहेर राहत होते. जुलै २०२३ मध्ये जी-२० च्या ऊर्जामंत्र्यांची बैठक गोव्यातच झाली. जीवाश्म इंधने कमी करण्याच्या भाषेवर एकमत झाले नाही आणि मतभेदांचे मुद्दे अध्यक्षांच्या सारांशात नोंदवावे लागले. सप्टेंबरच्या दिल्ली घोषणापत्रात अक्षय ऊर्जा क्षमता तिप्पट करण्याच्या प्रयत्नांचा उल्लेख आला, आणि डिसेंबरमध्ये दुबईत जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याची भाषा प्रथमच सर्व देशांनी स्वीकारली. या तीन मजकुरांतली नेमकी तीन वाक्ये वहीत एकाखाली एक उतरवून काढा. पाच महिन्यांत शब्द कसे सरकले, कोणत्या देशाने कोणत्या शब्दासाठी हट्ट धरला, हे शोधणे हा एका सत्राच्या निबंधाचा उत्तम विषय आहे.

पैशाचा मुद्दा मात्र शब्दांनी झाकता येत नाही. बाकू परिषदेत २०२४ मध्ये विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे ठरले आणि भारताने तिथेच, मंजुरीनंतर लगेच, ही रक्कम फारच अपुरी असल्याचा तीव्र निषेध नोंदवला. ज्यांनी दोनशे वर्षे कोळसा आणि तेल जाळून समृद्धी मिळवली त्यांनी जास्त भार उचलावा, ही मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते. मात्र हेच तत्त्व देशाच्या आतही लावले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पणजीतल्या वातानुकूलित इमारतीचा आणि सत्तरीतल्या दोन दिव्यांच्या घराचा भार सारखा नाही. छतावरच्या सौरसंचासाठी २०२४ च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, ही चांगली गोष्ट आहे. पण ज्याच्याकडे स्वतःचे पक्के छत नाही, तो भाड्याने राहणारा माणूस या योजनेत कुठे बसतो? बाहेरच्या जगाकडे न्याय मागताना घरातला हा प्रश्न विचारण्याचे धैर्य अभ्यासकाने बाळगले पाहिजे.

नोकरीविषयी आता थोडे. नियामक आयोग, त्यांचे सल्लागार, वीज कंपन्यांचे नियमनविषयक विभाग, दिल्ली-पुण्यातल्या संशोधन संस्था आणि अलीकडे निर्यातदार उद्योग, अशा पाच-सहा दिशांना कामे मिळतात. पुण्याच्या प्रयास संस्थेच्या ऊर्जा गटाने एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाच्या वीजखरेदी कराराची जी चिकित्सा केली, ती मराठी माणसाने अवश्य अभ्यासावी. ती वाचूनच मला कळले की कराराच्या कलमांतून राज्य कर्जबाजारी कसे होऊ शकते. युरोपीय संघाची सीमेवरची कार्बन आकारणी, म्हणजे आयात मालाच्या उत्सर्जनावरचा आकार, जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष खर्चाच्या टप्प्यात आल्यामुळे पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते अशा उद्योगांना उत्सर्जनाचा हिशेब ठेवणारी माणसे हवी आहेत. अभियांत्रिकीची पार्श्वभूमी असेल, तर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा उपयोगी पडते. राज्यशास्त्रवाल्यांनी स्प्रेडशीटची भीती सोडावी आणि अभियंत्यांनी विधानसभेतल्या प्रश्नोत्तरांची. पर्वरीच्या विधानसभेतल्या अतारांकित (लेखी उत्तराच्या) प्रश्नांना खात्यांनी दिलेली उत्तरे म्हणजे आकड्यांची खाण आहे, आणि त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करून महिनाभर थांबावेही लागत नाही. पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून जुनी राजपत्रे चाळण्याची सवयही मी सोडलेली नाही.

एक सावधगिरी मनापासून सांगते. पदवीनंतर एका संस्थेत मी सहा महिने विनावेतन काम केले. पाच तालुक्यांतून माहिती गोळा केली, तक्ते केले, एक प्रकरण पूर्ण लिहिले. छापील अहवालावर माझे नाव नव्हते, आभारांतही नव्हते. मी खूप दुखावले गेले आणि काही महिने हे क्षेत्र सोडण्याचा विचार करत राहिले. काम सुरू करण्यापूर्वी मानधन, मुदत आणि लेखक म्हणून नाव या तीन गोष्टी ईमेलवर लिहून घ्या. समोरचा माणूस कितीही मोठा आणि आदरणीय असला, तरी विचारा. जो प्रामाणिक आहे त्याला हे विचारल्याचा राग येत नाही.

क्षेत्रभेटीला गेल्यावर दुसऱ्याच्या वेळेचा मान राखा. वाहिनी ज्यांच्या बागायतीवरून जाणार होती अशा एका आजीकडे मी प्रश्नावली घेऊन गेले होते. त्या काजूच्या बिया वाळत घालत होत्या. मी भरपाईची रक्कम विचारली, त्यांनी मला हाताला धरून मनोऱ्यासाठी खुणा केलेल्या चार झाडांपाशी नेले आणि प्रत्येक झाड कोणी, कोणत्या वर्षी लावले ते सांगितले. एक झाड त्यांच्या सासऱ्यांनी लावलेले होते, एक मुलाच्या जन्माच्या वर्षी. माझ्या प्रश्नावलीत त्यासाठी रकाना नव्हता. मी त्या दिवशी कागद बाजूला ठेवून बिया पसरायला बसले, आणि घरी आल्यावर प्रश्नावलीत "हे झाड कोणी लावले" असा एक प्रश्न वाढवला.

यंदाच्या दरप्रस्तावाची जाहीर सूचना वृत्तपत्रात आली की आम्ही चार-पाच जण एकत्र बसून याचिका वाचणार आहोत. वीजखरेदीचे प्रकरण आधी घेऊ, मग अक्षय ऊर्जेच्या बंधनाचे, मग पारेषणातल्या गुंतवणुकीचे. दर-आदेशात प्रत्येक हरकत तीन भागांत छापलेली असते : ग्राहकाचे म्हणणे, खात्याचे उत्तर, आयोगाचे मत. गेल्या पाच वर्षांचे आदेश काढून फक्त ही प्रकरणे वाचून या, म्हणजे कोणत्या प्रश्नांना काय उत्तरे मिळाली आहेत ते आधीच कळेल. बाबा आता निवृत्त आहेत. याचिकेतले पारेषणाचे तक्ते ते चष्मा लावून तपासतात आणि उपकेंद्राचे नाव चुकले असेल, तर पेन्सिलीने खूण करून ठेवतात. तुम्ही आलात तर घरचे बिल घेऊन या, शक्यतो एप्रिल किंवा मे महिन्याचे.